मथळ्यातली अक्षरे का बिघडतात?

ई-मेल उघडली. आतला मजकूर स्वच्छ मराठीत दिसतो. पण वरच्या 'विषय' या ओळीत मात्र बरोबरची चिन्हे, प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांची अर्थहीन रांग! एकाच पत्राचे दोन भाग असे वेगळे का वागतात? याचे उत्तर ई-मेलच्या इतिहासात आहे.

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणायचे, हे एका तक्त्यावरून ठरते. अमेरिकेत १९६३ साली तयार झालेला 'आस्की' हा असाच तक्ता. त्यात ७ बिट, म्हणजे १२८ जागा. पैकी ३३ जागा यंत्राला सूचना देण्यासाठी गेल्या आणि ९५ उरल्या. इंग्रजीची गरज तेवढ्यात भागली.

ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलचे दोन पायाभूत नियम प्रसिद्ध झाले. पत्र पुढे कसे धाडायचे हे जॉन पोस्टेल यांनी, तर पत्राची मांडणी कशी असावी हे डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिले. दोघांनीही आस्की गृहीत धरली. अक्षर ८ बिटांच्या बाइटमधून जाई, पण आठवा बिट शून्यच ठेवायचा, असा नियम होता.

डेन्मार्कमधल्या माणसाने मग आपले नाव कसे लिहावे? तिरकी रेघ मारलेला डॅनिश 'ओ' पश्चिम युरोपच्या ८ बिटांच्या तक्त्यात २४८ या जागी आहे. वाटेतल्या एखाद्या यंत्राने आठवा बिट पुसला, की २४८ मधून १२८ वजा होतात. उरतात १२०, आणि आस्कीत १२० म्हणजे 'एक्स'. माणसाच्या नावातला स्वरच नाहीसा झाला!

सगळी जुनी यंत्रे एका दिवसात बदलणे शक्य नव्हते. म्हणून जून १९९२ मध्ये नॅथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत मांडली. मजकूर कोणत्या तक्त्याने वाचायचा, याची सूचना पत्राच्या मथळ्यात द्यायची. पण ही सूचना आतल्या मजकुरापुरती होती. खुद्द मथळ्याचे काय? त्यासाठी कीथ मूर यांनी त्याच महिन्यात वेगळा नियम लिहिला. १९९६ मध्ये सुधारलेले त्याचे रूप 'आरएफसी २०४७' या नावाने ओळखले जाते.

मूर यांची युक्ती साधी आहे. परक्या लिपीतला शब्द '=?' आणि '?=' या खुणांच्या मध्ये ठेवायचा. आत आधी तक्त्याचे नाव, मग 'क्यू' किंवा 'बी' यांपैकी एक अक्षर आणि शेवटी शब्द, तोही निव्वळ आस्की चिन्हांत. 'क्यू' पद्धतीत इंग्रजी अक्षरे तशीच राहतात. आस्कीबाहेरच्या प्रत्येक बाइटसाठी तीन चिन्हे लागतात. 'बी' पद्धतीत तीन बाइटांची चार चिन्हे होतात. जुन्या यंत्राला हा साधा इंग्रजी मजकूर वाटतो आणि ते तो बिनतक्रार पुढे धाडते. नवे यंत्र खुणा ओळखून मूळ शब्द दाखवते. खुणा ओळखल्या नाहीत, तर ती अर्थहीन रांग आपल्यासमोर येते.

आता मराठीकडे येऊ. १९९२ मध्येच केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. आठवा बिट पुसला तर उरतात ९६, ३६ आणि ४६, म्हणजे `$. ही चिन्हे. बाइट शाबूत राहिले, पण ते पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचले, तर दिसतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' आणि पुढे ¤®. दोन्ही बिघाड सारखेच वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे. दुसऱ्यात काहीच हरवलेले नाही. योग्य तक्ता निवडला की 'म' परत येतो. पहिल्यात मात्र ९६ हा मुळात ९६ होता की २२४, हे कळायला मार्ग उरत नाही.

मूर यांच्या नियमातली आणखी एक अट आपल्याला जाचते. खुणांसह असा एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा नसावा. यूटीएफ-८ आणि 'बी' पद्धत वापरली, तर खुणांसाठी १२ चिन्हे जातात आणि शब्दासाठी ४५ बाइट उरतात. 'विज्ञान प्रदर्शन' हा विषय घ्या. काना, वेलांटी आणि हलन्त धरून १५ चिन्हांचे ४५ बाइट, शिवाय मधल्या जागेचा एक, एकूण ४६! म्हणजे दोन तुकडे करणे आले. अक्षर मध्येच तोडू नये, असे नियम सांगतो. एखाद्या आज्ञावलीने डोळे मिटून ४५ बाइटांवर कात्री चालवली, तर शेवटच्या 'न'चे दोन बाइट एका तुकड्यात आणि एक दुसऱ्यात जातो. दोन्ही तुकडे सुटे वाचले गेले, की 'न'च्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

२०१२ पासून मथळ्यात यूटीएफ-८ थेट लिहिण्याची मुभा आहे. मात्र वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ती मान्य असावी लागते. त्यामुळे मूर यांच्या खुणा अजून वापरात आहेत.

विद्यार्थ्यांना आपल्या नावाचे बाइट मोजायला आणि प्रत्येकातून १२८ वजा करायला सांगावे. अंक अचूक पोहोचले तरी पुरत नाही, ते कोणत्या तक्त्याने वाचायचे हेही सोबत पोहोचावे लागते, हे त्यांना स्वतःच्याच नावावरून कळेल.