रोगाला नंबर कसा मिळाला?

विदर्भातील शिक्षकांना कोतवाल बुक हा शब्द नवा नाही. जातपडताळणीसाठी विद्यार्थ्याला पणजोबांच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद हवी असते. मग घरातले कोणीतरी तहसील कार्यालयात खेटे घालते आणि जुन्या वळणाच्या अक्षरातल्या एका ओळीची नक्कल हाती येते. नक्कल मिळाली की सर्वांची नजर जातीच्या रकान्यावर जाते. ती मृत्यूची नोंद असेल तर त्याच ओळीत मरणाचे कारणही असते, पण ते सहसा कोणी वाचत नाही. वाचले तरी पुष्कळदा तिथे एकच शब्द सापडतो : ताप.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या एका विद्यार्थिनीने अशीच एक नक्कल आम्हाला दाखवली. मुलगी बी.एस्सी. झालेली. घरी बसून मोबाईलवर 'मेडिकल कोडिंग' शिकत होती. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून ती सहज म्हणाली, "सर, आमच्या पुस्तकात याला आर ५०.९ असा नंबर आहे. कारण न कळलेला ताप."

कोतवालाचा 'ताप' आणि तिचा 'आर ५०.९' हे दोन्ही एकाच घराण्यातले आहेत. त्या घराण्याचा इतिहास आपण पाहू.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा 'बासीम' म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत घालण्यात आले. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा वेगळा झाला. १८६० नंतरच्या दशकात सरकारने प्रांतोप्रांती सॅनिटरी कमिशनर नेमले आणि गावोगावचे जन्ममृत्यू मोजण्याची पद्धत हळूहळू बसत गेली. खालची बातमी वर पोचवणारा माणूस म्हणजे गावचा कोतवाल किंवा पाटील. त्याला वैद्यक शिकवलेले नव्हते. पुष्कळ ठिकाणी तर कोतवालाला अक्षरओळखही नसे. तो सांगे आणि दुसरा कोणी लिहून घेई. म्हणून कारणांचे खाने मोजकेच ठेवलेले होते : पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, इजा आणि उरलेले सगळे 'इतर'. पुढे प्लेगची भर पडली.

हे खाने कोणी मूर्खपणाने केले असे मात्र समजू नये. पटकीचा रोगी एका दिवसात वाळून जातो, देवीचे फोड शेजाऱ्यालाही दिसतात. डॉक्टर नसलेल्या माणसालाही ओळखता येतील असे रोग वेगळे काढले होते. अडचण उरलेल्यांची होती. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, कधी क्षयसुद्धा, सगळ्यांत अंग तापते. ते सगळे 'तापा'त जमा होत. त्यामुळे त्या काळच्या तक्त्यांत तापाचा आकडा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो.

याचा परिणाम काय होतो ते १९१८ मध्ये दिसले. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाची सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. पण कोतवालाकडे इन्फ्लुएन्झा नावाचा खानाच नव्हता. माणसे मेली ती तापाने मेली असेच लिहिले गेले. मग साथीचे बळी मोजायचे कसे? अधिकाऱ्यांनी आणि नंतरच्या संशोधकांनी वजाबाकी केली. त्या महिन्यांतील मृत्यूंतून नेहमीच्या वर्षांची सरासरी वजा केली आणि उरलेले साथीच्या नावे मांडले. आजही त्या साथीचे जे आकडे आपण वाचतो ते अशा वजाबाकीतून आलेले आहेत. कोविडच्या वेळी ही चूक टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सुरुवातीलाच 'यू ०७.१' हा स्वतंत्र संकेतांक जाहीर केला. अर्थात खाना असला म्हणजे त्यात नोंद होतेच असे नाही, हेही आपण त्या वेळी पाहिले.

खाने करण्याची ही विद्या कोतवालाच्याही आधीची आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृतांची यादी छापत. कारण ठरवण्यासाठी गरीब म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या प्रेत पाहून, घरच्यांना विचारून कारण सांगत. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्यांची छाननी करून पुस्तक लिहिले. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. या बायका थोडी बिअर आणि थोडे पैसे मिळाले की गरमीसारख्या लाजिरवाण्या रोगाऐवजी दुसरेच कारण सांगतात, अशी शंका त्याने तेव्हाच नोंदवून ठेवली आहे. कारणाच्या रकान्याशी पैशाचा संबंध इतका जुना आहे. तो पुढे पुन्हा येणारच आहे.

इंग्लंडच्या नोंदणी खात्यातील विल्यम फार याने १८३९ च्या पहिल्या वार्षिक अहवालात मुद्दा मांडला तो असा : एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकेका नावाखाली तितकेच वेगवेगळे रोग आहेत. भौतिक शास्त्रांना वजने-मापे जितकी महत्त्वाची, तितकीच या शास्त्राला रोगांची ठरीव नावे महत्त्वाची. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पीन यांच्याकडे सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम सोपवले. दोन वर्षांनी दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या! फारने साथीचे रोग, शरीराच्या अमुक भागाचे रोग अशी विभागणी केली होती; देस्पीनने रोगाच्या प्रकृतीवर भर दिला होता. परिषदेने तडजोड म्हणून १३९ नावांची यादी स्वीकारली. ती फारशी कोणी वापरली नाही.

खरी चालली ती पॅरिसच्या झाक बर्तियाँची यादी. त्याने ती १८९३ मध्ये शिकागोला मांडली. (गुन्हेगारांची मापे घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारा आल्फाँस हा याचाच भाऊ. घरात वर्गीकरणाचे वेडच असावे.) बर्तियाँची हुशारी अशी की त्याने एकच यादी तीन आकारांत केली : ४४, ९९ आणि १६१ नावांची. ज्याच्याकडे जितके डॉक्टर, त्याने तितकी बारीक यादी वापरावी. १९०० मध्ये तिची पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा झाली आणि पुढे साधारण दहा वर्षांनी ती सुधारत गेली. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती नव्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तोवर यादी मेलेल्यांची होती. सहाव्या आवृत्तीपासून तिच्यात जिवंत माणसांची आजारपणेही आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण अनेक देशांचे काम अजून दहावीवरच चालते.

मृत्यूच्या दाखल्याची आजची रीतही १९४८ च्या वेळीच पक्की झाली. डॉक्टरने थेट कारण लिहायचे, ते कशामुळे झाले ते त्याखाली, आणि तेही कशामुळे ते आणखी खाली. साखळीच्या तळाशी जे असेल ते मूळ कारण. संकेतांक त्याला द्यायचा. 'हृदय व श्वास बंद पडला' हे कारण नव्हे. मेलेल्या प्रत्येकाचे ते बंद पडतेच. तरीही आपल्याकडच्या दाखल्यांवर हे वाक्य अजून दिसते.

मूळ कारण शोधणे किती अवघड असते याचे उदाहरण वऱ्हाडातलेच घेऊ. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. तिचे दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूजही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. साप कोणी पाहिलेला नसतो. घरचे सांगतात, पोटात दुखायला लागले आणि गेला. रकान्यात काय लिहायचे?

रजिस्ट्रार जनरलांच्या कार्यालयाने १९६० च्या दशकातच यावर एक उपाय सुरू केला होता. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी मृताच्या घरी जाऊन लक्षणे विचारी आणि ठरवून दिलेल्या यादीवरून कारण लिही. पुढे 'मिलियन डेथ स्टडी' या मोठ्या पाहणीत हेच काम अधिक काटेकोरपणे झाले. पाहणी करणाऱ्याने घरच्यांची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायची. ती भाषा वाचता येणाऱ्या दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता आयसीडी-१० चा संकेतांक द्यायचा. जमले नाही तर तिसऱ्याने निकाल द्यायचा. या पाहणीवरून २०११ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला की २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने मेली. रुग्णालयांकडून सरकारकडे आलेल्या आकड्याच्या हे तीसपटीहून जास्त होते. मृत्यूंपैकी ९७ टक्के खेड्यांतले होते. साप चावलेले लोक रुग्णालयात पोचलेच नव्हते, त्यामुळे ते मोजलेही गेले नव्हते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, त्यामागे अशा मोजणीचा वाटा आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या मोबाईलकडे वळू. ती शिकत असलेला व्यवसाय मृत्यूच्या रकान्यातून निघालेला नाही, अमेरिकन रुग्णालयांच्या बिलातून निघालेला आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. १९६६ मध्ये तेथील डॉक्टरांच्या संघटनेने डॉक्टरांच्या कामांची यादी काढली. तिला सीपीटी म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक कामाला पाच आकडी नंबर असतो. ओळखीच्या रुग्णाला दवाखान्यात तपासले की साधारण ९९२१३. रोगाचा नंबर आयसीडीतून आणि कामाचा सीपीटीतून. दोन्ही एकमेकांशी जुळले तर विमा पैसे देतो. १९८३ पासून मेडिकेअर रुग्णालयाला खर्चाप्रमाणे पैसे न देता, रोगाचा गट पाहून ठरीव रक्कम देऊ लागली. त्या दिवसापासून नंबराला थेट किंमत आली. एखादा जादा आजार नोंदला की गट बदलतो आणि रक्कम वाढते. ग्राँटच्या म्हाताऱ्या बायका आठवाव्यात. म्हणूनच नंबर लावणारा आणि तपासणारा असे दोन स्वतंत्र पेशे तिथे वाढले.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी दहाव्या आवृत्तीचा आपला वाढीव अवतार सुरू केला. आधीच्या यादीत रोगांचे सुमारे १३,००० संकेतांक होते, नव्यात सुमारे ६८,०००. डावा हात की उजवा, पहिली भेट की नंतरची, सगळे नंबरात. गायीने धडक दिली तर त्यालाही वेगळा नंबर आहे : डब्ल्यू ५५.२२. एवढे काम निर्माण झाल्यावर त्याचा मोठा भाग भारतात आला. चेन्नई आणि हैदराबाद पुढे, मग पुणे, नवी मुंबई. जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग शिकलेल्या मुलामुलींना हे काम मिळते. अमेरिकेतील 'एएपीसी' ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था 'सीपीसी' ही परीक्षा घेते : शंभर प्रश्न, चार तास, उत्तीर्ण होण्यास ७० टक्के, आणि संकेतांकांची पुस्तके उघडी ठेवून. शिक्षकांनी या शेवटच्या गोष्टीचा विचार करावा. पाठांतराने इथे काही साधत नाही. केसपेपर वाचून शरीररचना समजावी लागते आणि नियम कुठे आहे ते शोधता यावे लागते. परीक्षा घरून देता येते आणि शिकवण्याही घरबसल्या चालतात, म्हणून हे आसेगावपर्यंत पोचले आहे. मात्र शिकवणीचे प्रमाणपत्र आणि परीक्षेचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीची हमी देऊन फी घेणाऱ्या जाहिरातींपुढे पालकांनी हे विचारून घ्यावे. सोप्या नोंदींचे नंबर आता संगणकही लावू लागला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आम्ही त्या मुलीला मण्यारीचा नंबर काढायला सांगितले. तिने शोधले. अमेरिकी यादीत सापाच्या विषाच्या 'टी ६३.०' या खान्याचे पोटभाग आहेत. रॅटलस्नेकला स्वतंत्र, कोरल सापाला स्वतंत्र, ऑस्ट्रेलियाच्या तायपानला स्वतंत्र. नागालाही आहे, टी ६३.०४. मण्यार, घोणस, फुरसे मात्र सापडले नाहीत. भारतात सर्वाधिक बळी घेणाऱ्या चार सापांपैकी हे तीन 'टी ६३.०८' मध्ये एकत्र आहेत : आफ्रिका व आशियातील इतर साप. यादी ज्यांनी केली त्यांच्या रुग्णालयात मण्यारीचे रोगी येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कोतवालाच्या काळातली गंमत अशी की त्या वेळी सरकार सर्पदंश आवर्जून विचारत असे. जोसेफ फेरर या डॉक्टरने प्रांतांकडून आकडे मागवून १८६९ या वर्षाचे ११,४१६ सर्पदंशमृत्यू नोंदवले होते, आणि ते सगळ्या देशाचे नव्हते.

आपल्याकडेही आता नंबराला पैसे जोडले गेले आहेत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना (आताची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना) नोव्हेंबर २०१३ मध्ये वाशीमसह सर्व राज्यात आली. रुग्णालयाच्या दारातला आरोग्यमित्र रुग्णाची नोंद संगणकावर करतो आणि ठरीव उपचारासाठी ठरीव रक्कम मंजूर होते. रुग्णालयातील मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून द्यावे असा नियम जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने सर्व रुग्णालयांना लागू झाला आहे. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरने दिलेले कारण होते.

घरी झालेल्या मृत्यूसाठी '४ अ' नावाचा नमुना आहे. तो शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरने भरायचा असतो. असा डॉक्टर नसेल तर ग्रामपंचायतीत मृत्यूची खबर देताना दुसऱ्या एका अर्जात कारण विचारतात आणि घरचे जे सांगतील ते लिहिले जाते. ती मुलगी म्हणाली, मागच्या पावसाळ्यात शेजारचा एक शेतमजूर रात्रीतून गेला तेव्हा अर्ज तिनेच भरून दिला होता. कारण काय लिहिलेस, असे आम्ही विचारले. "पोटदुखी," ती म्हणाली. "तेव्हा मला मण्यारीचे माहीत नव्हते."