कुरणापासून उसापर्यंत

भीमा आणि घोड या नद्यांच्या आश्रयाने वसलेला शिरूर-दौंडचा मुलूख एकेकाळी गवताचा होता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या माळांवर बाजरी जेमतेम पिके. परंतु कुरणे विपुल असत, आणि त्याच गवतावर पोसलेल्या भीमथडी तट्टांच्या बळावर मराठ्यांच्या फौजा दूरदूरचे पल्ले गाठीत. काळवीट, लांडगा आणि धनगरांचे वाडे यांनी भरलेल्या त्या सृष्टीत मनुष्याचे मोठे दुखणे अवर्षण हेच होते. 1876 साली पाऊस चुकला तेव्हा दख्खनात उपासमारीमागोमाग पटकीही आली.

1879 मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि मुठेचा उजवा कालवा पाटसपर्यंत पोचला. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावले, तिला पाटाचे पाणी मिळाले, हा उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पाझरणारा पाट आणि चारीच्या कडेला साचणारी डबकी हे हिवतापाच्या डासाचे माहेरघर असते, आणि जेथे कालवा गेला तेथे हिवतापाची धास्तीही गेली. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू होऊन घरोघर डी.डी.टी.ची फवारणी झाली, तेव्हा कोठे या रोगाचा जोर ओसरला.

पुढे चासकमान, डिंभे यांसारख्या धरणांचे पाणी शिरूरच्या शिवारात खेळू लागले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळणारी मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. तिच्या पृष्ठभागावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, आणि त्याच्या आडोशाला डासांची पैदास होते. वर्ष-दीड वर्ष शेतात उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला अरण्याचा आडोसा, पाणी आणि भक्ष्य ही तिन्ही लाभली. माद्या उसातच वितात, आणि तोडणी सुरू झाली म्हणजे पिले उघड्यावर येतात. शेतपंपाची वीज पाळीपाळीने रात्री मिळते, म्हणून शेतकऱ्याला अंधारातच दारे धरावी लागतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात दोन बालके आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यांत प्राणास मुकली.

दवाखाने वाढवावेत, यात वाद नाही. तथापि येथील आरोग्याचा निर्णय फार पूर्वी, कोणते पाणी कोठे वळवावयाचे आणि त्यावर काय पिकवावयाचे हे ठरते त्या वेळीच होत आला आहे. जमाबंदीच्या दप्तरात पिकाची नोंद असते. त्या पिकापायी गमावलेल्या झोपेची नोंद कोणी ठेवीत नाही. पिंपरखेडच्या स्त्रिया आता गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतावर जातात. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात शोभणारा तो पट्टा आज पोटासाठी उसात उतरणाऱ्या बाईने बांधावा, याहून या मुलुखाच्या प्रकृतीचे स्पष्ट निदान कोणता वैद्य करील?