गाडीचं वजन कुठं गेलं?

आजचा भाग गाड्यांच्या शर्यतींचा आहे, पण आपण बघणार आहोत त्या कॉम्प्युटरवरच्या शर्यती. सुरुवात मात्र कोलशेतमधल्या आमच्या घरातून.

कोलशेत रोड म्हटलं की आज तुम्हाला टॉवर्स आठवतात. माझ्या लहानपणी हा कारखान्यांचा रस्ता होता. सँडोझ, बायर अशा कंपन्या, हवाई दलाचं केंद्र, आणि पुढे खाडी. माझे बाबा एका कारखान्याची स्टाफ बस चालवायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, असं आमचं घड्याळ होतं.

२००४ च्या सुमारास घरी सेकंडहँड कॉम्प्युटर आला आणि मी दिवसभर रेसिंग गेम खेळायला लागलो. ब्रेकचं बटण कुठलं हेही मला माहीत नव्हतं, कारण त्याची गरजच पडायची नाही. ताशी २०० च्या वेगात वळण घ्यायचं, भिंतीला घासायचं, पुढे जायचं. एकदा बाबा पाळी संपवून आले, चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, आणि म्हणाले, "अरे, ह्या गाडीचं वजन कुठं गेलं?"

मी हसलो. पण गंमत बघा, जगातले काही प्रोग्रामर वीस वर्षं नेमक्या ह्याच प्रश्नावर डोकं लावत होते.

आधी प्रश्न समजून घेऊ. टीएमटीच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की तुम्ही पुढे जाता. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात. त्यातच स्टीअरिंग वळवलं तर मागची बाजू घसरते. आणि टायरची पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये. सगळे ब्रेकवर उडवले तर वळायला काही उरत नाही. खरा ड्रायव्हर सतत हा हिशोब करत असतो. गेममध्ये हा हिशोब आहे की नाही, एवढ्यावरून साधा रेसिंग गेम आणि सिम्युलेशन वेगळे होतात.

आता इतिहास. १९८२ साली जपानच्या नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' आला. फुजी स्पीडवे ह्या खऱ्या ट्रॅकवर बेतलेला, नाणं टाकून खेळायचा गेम. मजा भरपूर, पण गाडीला वजन नाही. १९८४ मध्ये इंग्लंडच्या जेफ क्रॅमंडनं बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरसाठी 'रेव्ह्ज' लिहिला. फॉर्म्युला थ्रीची गाडी, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, आणि त्या मशीनची मेमरी फक्त ३२ किलोबाइट! तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. तरीही त्यात चूक केली की गाडी गरकन फिरायची. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांच्या पॅपायरस कंपनीनं 'इंडियानापोलिस ५००' काढला. नावातच 'सिम्युलेशन' होतं.

मग आला १९९८ चा 'ग्रँड प्री लेजंड्स'. केमरच्या टीमनं मुद्दाम १९६७ चा फॉर्म्युला वनचा हंगाम निवडला. का? त्या गाड्यांना विंग नव्हत्या. हवेच्या दाबानं गाडीला जमिनीवर दाबून धरणाऱ्या ह्या पट्ट्या १९६८ मध्ये आल्या. म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिन, वजन ५०० किलोच्या आसपास, आणि सगळी मदार चार टायरवर. जिम क्लार्क, ग्रॅहम हिल त्या काळात अशाच गाड्या चालवत होते. त्यात बसणाऱ्याला स्वतःच्या हातापायांशिवाय दुसरा आधार नव्हता.

गेमनं हे सगळं इतकं प्रामाणिकपणे दाखवलं की लोक पहिल्याच वळणावर गवतात जायचे. तेव्हाचे घरगुती कॉम्प्युटरही त्याच्यापुढे धापा टाकायचे. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण विक्री पडली. ज्यांनी तो सोडला नाही, त्यांनी मात्र वर्षानुवर्षं त्यात नवे ट्रॅक, नव्या गाड्या तयार केल्या. केमरनं पुढे 'आयरेसिंग' उभं केलं. २००८ मध्ये ते सुरू झालं, आणि त्यातले ट्रॅक लेझरनं मोजून बनवलेले असतात, रस्त्याच्या उंचवट्यांसकट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा अमेरिकेत नॅसकारचे खरे ड्रायव्हर ह्याच सॉफ्टवेअरवर एकमेकांशी भिडत होते आणि त्या शर्यती टीव्हीवर दाखवल्या जात होत्या. दुकानात न चाललेल्या गेममागचा विचार असा जिंकला.

आता आपल्या देशाकडे येऊ. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, १६ वळणं. तिकीट आणि प्रवास माझ्या आवाक्यात नव्हता. पण कोडमास्टर्सचा 'एफवन २०११' हा गेम त्याआधीच, सप्टेंबरमध्ये आला होता आणि त्यात हा ट्रॅक होता! व्हेटेलच्या आधी मी तिथं गाडी चालवली, असं मी मित्रांना छाती फुगवून सांगायचो. व्हेटेलनं ती शर्यत जिंकली, तेव्हा प्रत्येक वळण मला ओळखीचं वाटत होतं.

मात्र दोन गोष्टी गेममध्ये नव्हत्या. ट्रॅकवरची धूळ आणि कुत्रा. हो, खराखुरा कुत्रा! शुक्रवारच्या पहिल्या सरावात तो ट्रॅकवर शिरला आणि सराव थांबवावा लागला. वास्तव कितीही मोजा, थोडं बाहेर राहतंच.

आता ज्यासाठी हा भाग केला, ती गोष्ट. २००७ च्या पावसाळ्यात मी मित्राची बाइक घेऊन ढोकाळीकडून घरी येत होतो. ओलं वळण, वेग जास्त, आणि वळणाच्या मधोमध घाबरून ब्रेक दाबला. शंभरच्या शंभर रुपये एकदम खर्च. गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून बस येत नव्हती म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. दोष कुठल्या गेमचा नव्हता, माझाच होता. गाडीला वजन नसतं हे माझ्या हातांनी खरं मानलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. दवाखान्यात शेजारी बसून एवढंच म्हणाले, "मी ब्रेक लावताना आरशात उभी माणसं बघतो. ती हलली नाहीत म्हणजे ब्रेक बरोबर लागला."

नंतर मित्राकडून 'ग्रँड प्री लेजंड्स' मिळाला आणि बाबांचं वाक्य मला खऱ्या अर्थानं कळलं. गाडी फिरायची, पुन्हा फिरायची. मग ब्रेक वळणाआधी लावायचा, हळूहळू सोडायचा, मगच वळायचं, हे शिकलो. अवघड असणं हा त्या गेमचा दोष नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, एवढंच.

लॉकडाऊनमध्ये मी स्वस्तातलं स्टीअरिंग व्हील घेतलं आणि रिटायर झालेल्या बाबांना त्यावर बसवलं. ट्रॅक दिला जर्मनीचा न्यूरबर्गरिंग, २० किलोमीटरहून लांब आणि भयंकर वळणांचा. जिथं १९६७ साली क्लार्कला जेमतेम आठ मिनिटं लागली, तिथं बाबांनी सतरा घेतली. पण गाडी एकदाही रस्ता सोडून गेली नाही.

मी म्हटलं, "बाबा, रेस आहे ही."

"असू दे," ते म्हणाले, "मागे माणसं उभी आहेत असं समज."

तर मंडळी, आज एक काम करा. फोनवरच्या रेसिंग गेमच्या सेटिंगमध्ये जा. ब्रेक असिस्ट, स्टीअरिंग असिस्ट असे पर्याय असतील तर बंद करा आणि एकच फेरी मारा. बहुतेक गवतात जाल. आधार परत चालू केलात तरी हरकत नाही, पण आधी गाडी कोण चालवत होतं ते कळेल. आणि खऱ्या रस्त्यावर पाऊस असेल, तर वळणाआधीच ब्रेक लावा.

भेटू पुढच्या भागात!