ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांचे एकीकरण (१९९४–२०१५)

ब्रिटिश शासनाचे पहिले सामायिक संकेतस्थळ १९९४ साली निघाले. ते वस्तुतः एक अनुक्रमणिका होते. कोणते खाते कोठे भेटेल एवढेच ते सांगे. पुढील बारा वर्षांत खात्यांनी, महामंडळांनी आणि लहानसहान योजनांनीही आपापली स्थळे उभारली. डिसेंबर १९०६ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या डिसेंबर २००६ मध्ये सर डेव्हिड व्हार्नी यांचा अहवाल आला, आणि जानेवारी २००७ मध्ये शासनाने जाहीर केलेल्या ९५१ स्थळांपैकी ५५१ बंद करावयाचे ठरविले. संस्थानिकांच्या निशाणांची आठवण व्हावी अशीच ही गर्दी होती.

या विस्ताराची झळ नागरिकास लागे. नोकरी गमावलेल्या मनुष्यास बेकारी-भत्त्यासाठी एका खात्याकडे, कराच्या परताव्यासाठी दुसऱ्याकडे आणि घरभाड्याच्या साहाय्यासाठी स्थानिक परिषदेकडे जावे लागे. त्याची अडचण एकच असे; तिची वाटणी कोणत्या खात्यांत झाली आहे हे त्यानेच आधी जाणून घ्यावे, अशी अपेक्षा होती. २००४ साली निघालेल्या ‘डायरेक्टगव्ह’ने एक दार उघडले खरे, परंतु आतील मजकुरावर खात्यांचा हक्क बराचसा कायम राहिला. स्वतः हे स्थळही एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. समन्वयाचा अधिकार न देता समन्वयाची जबाबदारी सोपविली, की असेच व्हावयाचे.

मार्था लेन फॉक्स यांनी २०१० साली मंत्री फ्रान्सिस मॉड यांस लिहिलेल्या पत्राचे महत्त्व येथे आहे. सर्व शासकीय स्थळांवरील नागरिकाच्या अनुभवावर एकाच मध्यवर्ती अधिकाऱ्याची पूर्ण सत्ता असावी, असे त्यांनी सुचविले. प्रश्न यंत्रांचा नसून अधिकाराचा आहे, हे इतक्या उघडपणे मांडले गेल्याने पुढील पाऊल शक्य झाले. २०११ मध्ये मंत्रिमंडळ कार्यालयात ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ स्थापन झाली आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ सुरू झाले. नागरिकाची गरज न भागविणारा मजकूर गाळावयाचा, ही तिची कसोटी होती. मंत्र्यांची खाती २०१३ पर्यंत आणि तीनशेहून अधिक इतर संस्था २०१४ अखेर या एका स्थळाखाली आल्या. आरोग्यसेवेचे स्थळ मात्र वेगळे राहिले. बंद झालेल्या स्थळांच्या प्रती राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केल्या, हे इतिहासाच्या अभ्यासकाने कृतज्ञतेने नोंदवावे. एरवी या कालखंडाचे दप्तरच नाहीसे झाले असते.

येथवर विचार झाला तो शासनाच्या बोलण्याचा. ऐकण्याचे एकीकरण इतके सुकर नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाने ऑनलाइन अर्जांची सोय केली, आणि फेब्रुवारी २००७ पर्यंत रस्ते-वापरावरील आकाराच्या योजनेविरुद्ध सुमारे १८ लाख स्वाक्षऱ्या जमल्या. टोनी ब्लेअर यांनी स्वाक्षरीकर्त्यांस ई-पत्राने उत्तर दिले. परंतु इतक्या लोकांचे म्हणणे कोणी, कोठे विचारात घ्यावयाचे, याची व्यवस्था कोठेच नव्हती. २०११ मध्ये ही सोय ‘डायरेक्टगव्ह’वर नव्याने सुरू झाली. एक लाख स्वाक्षऱ्या झाल्यास विषय संसदीय चर्चेसाठी विचारात घ्यावा, असे ठरले. पण संसदेचा वेळ शासनाच्या स्थळाने वाटावयाचा नव्हता. हा पेच मुळातच राज्यघटनेचा होता, आणि मजकुराची फेररचना करून तो सुटणे शक्य नव्हते.

अखेर जुलै २०१५ मध्ये अर्जांची व्यवस्था संसदेच्या स्थळावर गेली आणि कॉमन्स सभागृहाच्या अर्ज-समितीकडे तिची देखरेख आली. दहा हजार स्वाक्षऱ्यांनंतर शासनाने उत्तर द्यावयाचे असते. ते उत्तर ज्या त्या खात्याच्याच नावाने प्रसिद्ध होते.