रूपसिंह : ध्यानचंद यांच्या सावलीतील ऑलिंपिकवीर

सचिन तेंडुलकर याने २४ फेब्रुवारी २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील हे पहिले द्विशतक ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर झळकले. मैदानाचे नाव त्या दिवशी देशभर पोहोचले. परंतु ते ज्यांच्या स्मरणार्थ देण्यात आले, ते रूपसिंह क्रिकेटपटू नव्हे, तर हॉकीपटू होते, याची अनेकांना कल्पना नव्हती.

रूपसिंह यांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूर येथे झाला. वडील लष्करात होते. पुढे हे कुटुंब झाशीला स्थायिक झाले. थोरले बंधू ध्यानचंद यांच्याप्रमाणेच रूपसिंह यांनीही हॉकीत नाव कमावले. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड, तर रूपसिंह त्यांच्या डाव्या हाताला इनसाइड लेफ्टच्या जागी खेळत.

१९३२ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते. जागतिक मंदीमुळे अनेक देशांना एवढा लांबचा प्रवास परवडला नव्हता. भारताने जपानला ११-१ असे आणि ११ ऑगस्ट रोजी यजमान अमेरिकेला २४-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेविरुद्ध रूपसिंह यांनी १०, तर ध्यानचंद यांनी ८ गोल केले. संपूर्ण स्पर्धेतही धाकट्या भावाचे १३ आणि थोरल्याचे १२ गोल होते. ऑलिंपिक हॉकीतील तो सर्वांत मोठा विजय ठरला आहे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील सुवर्णविजेत्या संघातही रूपसिंह होते. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली. त्यामुळे रूपसिंह यांची ऑलिंपिक कारकीर्द दोन स्पर्धांपुरतीच मर्यादित राहिली.

लष्करी सेवेच्या निमित्ताने ग्वाल्हेरशी त्यांचे नाते जुळले. १६ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मिळालेले मैदान मुळात हॉकीसाठी होते. नंतर त्याचे रूपांतर क्रिकेट मैदानात झाले. ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. लॉस एंजल्समध्ये त्यांच्याहून एक गोल अधिक करणाऱ्या धाकट्या भावाची ओळख मात्र अनेकांसाठी एका क्रिकेट मैदानाच्या नावापुरतीच उरली आहे.