टपावरचे अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. म्हण शहाणपणाची आहे, याबद्दल वाद नाही. कर्जापायी बुडालेली घरे पाहिली की ती पटतेही. परंतु कामगार चळवळीत उभी हयात गेल्यामुळे आम्हांस या म्हणीविषयी एक शंका नेहमी येते. पाय पाहून अंथरूण लांब करावे, असे कोणी का सांगत नाही? इतिहासात तसे करणारी माणसे झाली आहेत, आणि आज त्यांच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. मोटारीच्या टपावर घडीचा तंबू बसवितात. मुक्कामाच्या जागी तो उघडावयाचा, शिडी लावून वर चढावयाचे व आत निजावयाचे. या तंबूतील बिछाना सुखाचा कसा झाला, याची ही हकीकत आहे. श्रोतेहो, आपण म्हणाल, युनियनच्या माणसाला हे कोठून सुचले? त्याचे उत्तर असे की, टपावर निजण्यासाठी मोटार लागते ही गोष्ट खरी. पण त्याआधी सुट्टी लागते. आणि सुट्टी कोणी कोणाला बक्षीस दिलेली नाही.

आपल्या मुंबईचेच पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, अर्ज केले, सभा भरविल्या, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पण एका रविवारात माणूस कपडे धुतो, दाढी करतो, आप्तांना भेटतो. गाव सोडून चार रात्री बाहेर राहावयाचे तर सलग आणि भरपगारी रजा हवी. फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जूनमध्ये कामगारांनी प्रचंड संप केले, कारखाने ताब्यात घेऊन तेथेच मुक्काम ठोकले, आणि २० जून १९३६ च्या कायद्याने सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. मंत्री लेओ लाग्रांज यांनी त्याच ऑगस्टात रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट काढले. इंग्लंडात १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली.

रजा मिळाली, पण हॉटेलचे बिल भागविण्याइतका पगार वाढला नव्हता. म्हणून फ्रान्सचे कामगार सायकलीला तंबू बांधून समुद्राकडे निघाले. तंबूतला मुक्काम ही मुळात निसर्गप्रेमी श्रीमंतांची हौस. ती साध्या माणसाची सोय झाली ती अशी.

युद्धानंतर इटलीत हेच पुन्हा घडले, फक्त सायकलीच्या जागी चिमुकली मोटार आली. फियाट कंपनीची ‘६००’ ही गाडी १९५५ साली निघाली आणि ‘५००’ ही १९५७ साली. या दुसरीची लांबी पुरती तीन मीटरही नव्हती. तिच्यात चार माणसे कशीबशी बसत. निजण्याचा प्रश्नच नव्हता. १९५८ साली त्याच देशात ‘एअर-कॅम्पिंग’ नावाचा टपावरचा तंबू निघाला. गाडीत जागा नाही तर गाडीवर! ओली जमीन, खडे, मुंग्या यांचा जाच संपला. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्व जर्मनीत गेरहार्ड म्युलर या गृहस्थांनी ट्राबांट गाडीसाठी असाच तंबू तयार केला. ज्या देशात गाडीसाठी दहा-दहा वर्षे नाव नोंदवून बसावे लागे, तेथे तीच गाडी रात्री दोघांची खोली झाली.

छप्पर मिळाले. पण पाठीखाली काय? टपावरील तंबूचा तळ म्हणजे एक फळी, आणि फळीवर चार बोटे जाडीची गादी. गादी याहून जाड घेतली तर तंबूची घडीच मिटत नाही. ही अडचण नीट ध्यानात ठेवावी. घरच्या पलंगावर वाटेल तितकी जाडी चालते. येथे चार बोटांत सारे सुख बसवावयाचे आहे.

अपुऱ्या जागेत अंथरूण बसविण्याचा प्रश्न सर्वांत आधी कोणाला पडला असेल, तर तो खलाशांना. व्यापारी जहाजावरील खलाशी आपली गादी आपणच विकत घेऊन जहाजावर चढे. ती गवताने भरलेली पिशवी असे, आणि इंग्रज खलाशी तिला ‘गाढवाची न्याहारी’ म्हणत. आमच्या कोकणातील व गोव्यातील कितीतरी घरे या नोकरीवर चालली. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला निजण्या-बसण्यासाठी १२० घनफूट जागा ठरविली; हिंदी खलाशासाठी मात्र नियम ३६ घनफुटांचा होता. एकाच जहाजावर, एकाच समुद्रात, एकाच देहाच्या माणसाला! अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूण कापणारा कोण, हेही पाहावे लागते. अखेर १९४६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची सागरी परिषद अमेरिकेतील सिएटल शहरी भरली, आणि खलाशांना स्वच्छ बिछाना मालकाने पुरवावा अशी शिफारस तिने केली.

या सिएटल शहराचे नाव लक्षात ठेवावे. पंचवीस वर्षांनी आपल्या हकिकतीचा दुसरा धागा तेथेच सापडतो.

१९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला, आणि त्यातून पुढे आपल्या ओळखीचा फोम निघाला. फोम हलका, पण त्यात दोष असा की अंगाचे वजन पडताच त्यातील हवा निघून जाते व खालची फळी टोचू लागते. उलट नुसत्या हवेची गादी मऊ, पण तिच्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. दोहोंचे गुण एकत्र कोणी करावे?

ते काम बेकार माणसांनी केले. सिएटल हे बोइंग विमान कारखान्याचे गाव. १९६७ साली तेथे एक लाखाहून अधिक माणसे कामावर होती. एप्रिल १९७१ मध्ये ३८,६९० उरली. गाव इतके ओस पडले की, शेवटच्या माणसाने जाताना दिवा मालवावा, अशा अर्थाचा फलक कोणी रस्त्याच्या कडेला लावला होता. या कपातीत घरी बसलेल्या इंजिनियरांत जिम ली व नील अँडरसन हे दोघे होते. बागेत काम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या उशीतून हवा निघून जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. ही हवा कोंडता आली तर? त्यांनी फोमवर हवाबंद नायलॉन चिकटविले आणि कोपऱ्यात एक झडप बसविली. झडप उघडली की फोम आपोआप फुगून हवा ओढून घेतो; बंद केली की हवा बाहेर पडत नाही, आणि फोममुळे ती आत फिरतही नाही. जॉन बरोज या तिसऱ्या भागीदारासह त्यांनी १९७२ साली कारखाना काढला व या गादीला ‘थर्म-अ-रेस्ट’ नाव दिले. या तत्त्वावरच्या गाद्या आज टपावरच्या तंबूंतही अंथरतात. कारखान्याने ज्यांना उद्याची भाकर नाकारली, त्यांनी जगाला निजावयास जागा दिली!

आता या इतिहासातून शिकण्याजोगे जे व्यवहारज्ञान आहे ते सांगतो, कारण आमच्या मते इतिहास उपयोगी पडला पाहिजे.

पहिली गोष्ट घट्टपणाची. कुशीवर निजले की सारा भार खांदा व कंबर या दोन जागी येतो. म्हणून गादी मऊ आहे की नाही हे हाताने दाबून न पाहता, कुशीवर निजून कंबरेखाली फळी लागते की नाही हे पाहावे. पातळ गादीला दाट फोम हवा. आपले पिंजारी हेच जाणत. गादीत कापूस किती यापेक्षा तो नीट पिंजला आहे की त्याचे गोळे झाले आहेत, यावर झोप अवलंबून असते.

दुसरी गोष्ट थंडीची. टपाच्या तंबूखालून वारा वाहतो. अंगावर दोन रग घेऊन उपयोग नाही. अंगाखालचे पांघरूण वजनाने दबले की त्यातील हवा जाते व ऊबही जाते. म्हणून ऊब आधी खाली घालावी, मग वर. घोंगडे अर्धे अंथरून अर्धे पांघरणाऱ्या धनगराला हे कोणी शिकविले नव्हते.

तिसरी गोष्ट ओलीची. निजलेल्या माणसाच्या श्वासातून व घामातून रात्रीत पेलाभर पाणी तरी हवेत जाते. ती वाफ गार फळीवर गादीच्या खालच्या अंगास जमते, आणि चार दिवसांत बुरशी धरते. यासाठी गादी व फळी यांच्यामध्ये जाळीदार थर घालावा, म्हणजे हवा खेळते. काथ्याची जाड चटईही हे काम करते. खिडकी थोडी उघडी ठेवावी व सकाळी गादी उभी करून वाळवावी. चौथी गोष्ट फुकटची आहे: चाकाखाली फळी घालून गाडी समतल करावी, आणि ते न साधल्यास डोके चढाच्या बाजूस ठेवावे.

इतके केले म्हणजे टपावर घरच्यासारखी झोप लागते. परंतु हकीकत येथे संपत नाही. साध्या माणसाच्या अडचणीतून निघालेला हा तंबू आज महागड्या गाड्यांवर दिसतो. आणि आपल्या थंड हवेच्या गावी रात्री हिंडून पाहावे. पाहुणे हॉटेलात गाद्यांवर निजलेले असतात, व त्यांची भाड्याची गाडी चालवीत आणणारा चालक बाहेर त्याच गाडीत, पाय दुमडून, काच बोटभर खाली करून पडलेला असतो. उद्या घाट उतरावयाचा आहे तो त्याच्या भरवशावर. तमिळनाडू सरकारने २०२३ साली हॉटेलांच्या बांधकाम-नियमांत चालकांच्या निजण्याची सोय घातली. दक्षिणेत जे जमले ते आमच्या राज्यात न जमण्यासारखे काही नाही.

म्हणून सुट्टीवर निघणाऱ्या प्रत्येकास आमची विनंती आहे. आपली गादी अवश्य सुखाची करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, त्या सुट्टीसाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. फक्त खोली ठरविताना हॉटेलवाल्यास एक प्रश्न विचारा: आमचा चालक कोठे निजेल? हा प्रश्न शंभरांनी विचारला तर हॉटेलवाला उत्तर शोधील. हजारांनी विचारला तर कायदा होईल. अंथरुणे आजवर अशीच लांब झाली आहेत.