बगदादचे नीतिरक्षक

मागच्या महिन्यात दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने थांबवा, असे हदीसमध्ये आहे. मग चार पोरे जमून कुणाला मारून सुधारत असतील, तर त्यात चूक काय?" त्याच हदीसमध्ये पुढे जबान आणि मग दिल यांचाही उल्लेख आहे, हे मी सांगितले. पण मुलाला तेवढ्याने पटले नाही. म्हणून त्याला बगदादची गोष्ट सांगितली.

हिजरी 323, म्हणजे इ.स. 935. खलीफा राजी बिल्लाह गादीवर होते, पण खजिना रिकामा होता आणि सैन्य पगारासाठी दंगा करत होते. अशा वेळी हंबली विद्वान बरबहारी यांचे अनुयायी रस्त्यावर उतरले. तेराव्या शतकातील इतिहासकार इब्न अल-असीर यांनी त्यांचे वर्णन केले आहे. ते घरात घुसत, नबीज सापडली तर ओतून देत, गाणारी बाई दिसली तर तिला मारत आणि वाद्ये फोडत. रस्त्यात कुणी बाईबरोबर किंवा मुलाबरोबर चालताना दिसला, की ही कोण, म्हणून दरडावत. उत्तर पटले नाही तर मारहाण करून कोतवालाकडे नेत आणि बदफैलीची साक्ष देत.

सुरुवात दारूपासून झाली, पण शेवट तिथे झाला नाही. पुढे त्यांचा रोख शाफई मुसलमानांवर वळला. मशिदीत आश्रयाला असलेल्या अंध माणसांना चिथावून, शाफई माणूस जवळून गेला की त्याला काठ्यांनी झोडपायला लावत. आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफईच. त्यांचे इमाम फजर, मगरिब आणि इशाच्या नमाजात बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणतात, तर घाटावरच्या हनफी मशिदींत ती मनात म्हटली जाते. आपल्याला यात भांडण्यासारखे काही वाटत नाही. बगदादमध्ये मात्र हाही झगड्याचा मुद्दा झाला होता.

कोतवालाने दवंडी पिटवली, की बरबहारींच्या दोन माणसांनीही एकत्र जमू नये आणि त्यांच्या इमामांनी बिस्मिल्लाह मोठ्यानेच म्हणावी. खलीफाने तलवारीची आणि आगीची धमकी देणारे फर्मान काढले. म्हणजे, लोकांच्या घरात घुसणाऱ्यांमुळे सरकार नमाजात घुसले. बरबहारी लपून राहिले आणि 941 मध्ये लपलेल्या अवस्थेतच वारले. खेद याचा वाटतो, की ज्या इमाम अहमद बिन हंबल यांचे नाव ही मंडळी घेत होती, त्यांनी स्वतः सरकारी जबरदस्तीपुढे न झुकता फटके खाल्ले होते.

सुमारे दीडशे वर्षांनी त्याच बगदादच्या निजामिया मदरशात इमाम गजाली शिकवत होते. वाईट रोखणे हे कर्तव्यच आहे, असे ते मानत. प्रसंगी बळाचा वापरही त्यांनी नाकारलेला नाही. पण अटी घातल्या. ते वाईट काम उघडपणे दिसणारे असावे, हेरगिरी करून शोधलेले नसावे. आणि ज्यात इमामांचे मतभेद आहेत, अशा गोष्टीवरून कुणाला अडवू नये.

याच संदर्भात ते हजरत उमर (रजि.) यांचा किस्सा सांगतात. खलीफा असताना ते एका घराची भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला गैरकृत्य करताना पकडले. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. कुरआनने हेरगिरी मना केली (49:12), घरात दारातून यायला सांगितले (2:189), परवानगी घेऊन सलाम करायला सांगितले (24:27). हजरत उमर यांनी त्याच्याकडून तौबा करवून घेतली आणि ते निघून गेले.

आज आपल्या देशात कुणाच्या डब्यात काय आहे, कोण कुणाबरोबर फिरते, यावरून जमाव माणसाला घेरतो, तेव्हा आपण न्याय मागतो, आणि मागायलाच हवा. पण आपल्याच मोहल्ल्यात पोरे एखाद्या मुलीला रस्त्यात अडवून तिच्या मोबाइलवर चित्रीकरण करतात, तेव्हा आपण गप्प बसलो, तर ती मागणी पोकळ ठरते.

तास संपला तेव्हा त्या मुलाने एवढेच विचारले, "सर, खलीफा खरंच परत गेले?"

"हो," म्हटले, "आणि या वेळी दारातून."